जुन्या फोटोतली वाजवणारी मंडळी ओळखायची तर आधी हात बघा

लोक फोटो पुढून बघतात, आम्ही फ्रेमवाले आधी मागून. राजवाड्यामागच्या गल्लीत सासऱ्यांचं फ्रेमचं दुकान आहे. आबा गेले त्याला अठरा वर्षं झाली, तेव्हापासून काच कापायला आणि गिऱ्हाइकांशी डोकं लावायला मीच बसते. इंदूरच्या मराठी घरांतून येणारे फोटो ठरावीक असतात. लग्नाचे, मुंजीचे, फेटा बांधून खुर्चीत बसलेले पणजोबा. आणि मधूनच एखादा ‘वाजंत्र्यांचा’ येतो. आठ-दहा माणसं, कुणाच्या हातात ढोलक, कुणाच्या झांजा, कुणाकडे तारेचं काहीतरी. घरच्यांना त्यातलं एक माणूस ठाऊक असतं, कधी तेही नसतं. असा फोटो कसा वाचावा, ते अशाच एका फोटोवरून सांगते.

गेल्या श्रावणात एक काका तो घेऊन आले. काच तडकली होती, एवढंच काम. “ताई, हे मधले तंबुरेवाले आमचे पणजोबा. मोठे गवई होते. तुकोजीराव महाराजांसमोर त्यांची मंडळी गायची.” मी “असं का” म्हटलं आणि फ्रेम पालथी घातली.

घरी फ्रेम उघडणार असाल तर एवढं पाळा. टेबलावर जुनं सुती लुगडं घडी करून पसरा, त्यावर फ्रेम पालथी ठेवा. मागचा खाकी कागद ब्लेडने कडेकडेने कापा, फाडू नका. त्यावरही कधी दुकानाचा शिक्का असतो, कधी हिशेब लिहिलेला असतो. चुका, म्हणजे बारीक खिळे, पकडीने सरळ ओढा. मग पुठ्ठा उचला आणि फोटो हलतो का ते बघा. हलत नसेल तर तिथेच थांबा. आपल्याकडच्या पावसाळ्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला चिकटतो, आणि ओढला की माणसाचं तोंड काचेवर राहतं नि कागद हातात येतो. असा फोटो काचेसकट स्कॅन करायचा. सुटत असेल तर दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करा, लहान असेल तर १२००वर. पाणी, फेव्हिकॉल, सेलोटेप, लॅमिनेशन यांतलं काहीही लावू नका. लॅमिनेशनवाल्यांनी घालवलेले फोटो मी इतके पाहिलेत की त्यावर बोलायला लागले तर लेख तिथेच संपेल.

काकांचा फोटो सुटला. दहा बाय आठचा, जाड कार्डावर चिकटवलेला. कार्डाचा खालचा पट्टा तुटलेला, ‘...ग्राफर, छावणी’ एवढंच उरलेलं. वर पांढऱ्या माउंटची, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, खिडकी होती, ती मागाहून कुणीतरी बसवलेली. माउंट उचललं तर डाव्या कडेला आणखी एक माणूस निघाला. तोवर त्याचं फक्त कोपर दिसत होतं. काका त्या फोटोसमोर साठ वर्षं जेवले होते आणि त्यांना तो माणूस माहीत नव्हता! माउंट आणि फ्रेमची पट्टी चारही बाजूंनी थोडं थोडं खातातच. म्हणून कुठलाही निष्कर्ष काढण्याआधी फोटो पूर्ण उघडा. आणि सगळ्यात गरीब माणूस बहुतेक वेळा कडेलाच उभा असतो.

मागे पेन्सिलीची पुसट ओळ होती. अशी ओळ समोरून उजेड टाकून दिसत नाही. खोलीतला दिवा मालवा, फोनचा टॉर्च कार्डाला जवळजवळ टेकवून आडवा धरा; पेन्सिलीने दाबलेल्या खाचा सावलीने उठून येतात. ओळ निघाली: ‘चैत बदी ५, सं. १९८४’. काकांचा मुलगा सोबत होता, तो हसला. “चौऱ्याऐंशी? तेव्हा मी शाळेत जायचो!”

हा घोळ इंदुरात हमखास होतो. मालव्यातले लोक विक्रम संवत लिहीत, आपली मराठी मंडळी शके लिहीत, आणि इंग्रजी शिकलेला मुलगा इसवी सन लिही. एकाच घरातल्या तीन फोटोंवर तीन पंचांगं सापडतात. संवतातून ५७ वजा करा. पण तारीख जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतची असेल तर ५६. शकात ७८ मिळवा, त्याच महिन्यांसाठी ७९. आणि तिथीही जपून वाचा. मालव्यात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणजे त्यांची चैत बदी ती आपली फाल्गुन वद्य, आणि चैत बदी पंचमी म्हणजे रंगपंचमी. तर हा फोटो मार्च १९२८च्या रंगपंचमीचा. इंदूरच्या माणसाला रंगपंचमी काय ते सांगायला नको.

वर्ष कळलं की घरातल्या गोष्टी त्याच्याशी ताडून बघता येतात. इंदूरचे होळकर महाराज तुकोजीराव तिसरे १९२६ मध्येच गादीवरून उतरले होते. त्यांचे चिरंजीव यशवंतराव गादीवर आले तेव्हा अल्पवयीन होते, १९३० पर्यंत राज्याचे अधिकार त्यांच्या हाती आले नव्हते. (तुकोजीरावांनी अमेरिकन नॅन्सी मिलरशी बडवाहला लग्न केलं तेही याच मार्चमध्ये, तेव्हा भजनं ऐकायला त्यांना सवड असेल असं वाटत नाही.) महाराजांसमोर ही मंडळी आधी कधी गायली असेलही, पण या फोटोचा त्याच्याशी संबंध नाही. तसंच दुसरं इंदुरी पालुपद: “हा दीनदयाळांनी काढलेला.” लाला दीनदयाळ खरंच इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि कॅमेरा त्यांनी इथेच हातात धरला. पण १८८०च्या दशकात ते हैदराबादला निजामाकडे गेले आणि १९०५ मध्ये वारले. जुना फोटो दिसला की त्यांचं नाव घ्यायचं, ही इथली सवयच आहे.

मागे काही लिहिलेलं नसेल तर अंगावरच्या वस्तूंवरून अंदाज बांधा. गांधी टोपी असेल तर १९२०च्या अलीकडचा. मनगटी घड्याळ असेल तर बहुधा पहिल्या महायुद्धानंतरचा, त्याआधी खिशातलं साखळीचं. हातपेटी कलकत्त्यात १८७५च्या सुमारास बनायला लागली, खेड्यातल्या भजनात पोचायला तिला पुढे बराच काळ लागला. नट-बोल्टने ताणलेला ढोलक दिसला तर फोटो फार जुना नाही असं मी धरते. शिक्क्यात ‘मध्यभारत’ असेल तर १९४८ ते १९५६ मधला, कारण त्या नावाचं राज्य तेवढंच टिकलं.

आता पुढची बाजू. लोक चेहऱ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. “नाक बघा, अगदी आमच्या बाबांचं!” नाकावरून काहीही सिद्ध होतं. हातांपासून सुरुवात करा, म्हणजे हातात काय आहे आणि ते कसं धरलंय.

काय आहे ते आधी. इंदूरच्या मराठी घरातला फोटो दोन मुलखांतला असू शकतो. सातारा-पुणे-खानदेशाकडून बाडबिस्तऱ्यात आलेला, किंवा इथलाच, मालवा-निमाडातला. वाद्यं बघितली की बहुधा उलगडतं. संबळ, म्हणजे कमरेला बांधलेली जोड वाद्यं, वाजवायच्या दोन काड्यांपैकी एक टोकाशी वाकडी. सोबत तुणतुणं, झांज, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि कुणाच्या हातात दिवटी असेल तर ते गोंधळी. दिमडी, घंटा आणि भंडाऱ्याची पिशवी असेल तर वाघ्या-मुरळी. होळकरांचं कुलदैवत मल्हारी मार्तंड, राजवाड्यातच देऊळ, त्यामुळे ही मंडळी इंदुरातही येत. एकाच्या हातात डफ आणि मागच्या झीलकऱ्यांकडे तुणतुणं नि झांज, तर शाहीर. त्या डफाला तुरा किंवा कलगी बांधलीय का ते नीट बघा. तुरेवाले शिवाला मोठा मानणारे, कलगीवाले शक्तीला. हा सवाल-जवाबाचा खेळ आपल्याकडे आहे तसाच निमाडातही आहे, म्हणून डफावरून एकदम ‘महाराष्ट्र’ म्हणू नका. सारंगी आणि ढोलक सोबत दिसले तर मी उज्जैनकडच्या माच या लोकनाट्याचाही विचार करते.

तारेच्या वाद्याशी जरा थांबावं लागतं. तुणतुण्याला एकच तार, खाली डब्यासारखं भांडं. वारकऱ्याची वीणा गळ्यात आडवी. आणि मालव्याच्या कबीर भजनातला तंबूरा सडपातळ, लहान पोटाचा, पाच तारांचा. आपल्या लोकांचा गोंधळ इथे होतो. कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले, मालव्याची निर्गुणी भजनं त्यांच्या मैफलीतून घराघरांत गेली, आणि तंबूरा म्हटला की मराठी डोळ्यांपुढे मोठ्या भोपळ्याचा तानपुरा उभा राहायला लागला. मैफलीत तानपुरा मागे बसलेला कुणीतरी छेडतो, गवई वेगळा. खेड्यातल्या भजनात तंबूरेवालाच गवई, आणि त्याच्या दुसऱ्या हातात बहुतेक वेळा करताल असते. दोन्ही एकाच माणसाकडे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काकांच्या फोटोत ढोलक, दोन मंजिऱ्या, पाच खुंट्यांचा तंबूरा आणि टिमकी होती. म्हणजे मालव्यातली भजनमंडळी. इथवर काका खूश होते.

मग मी भिंग घेऊन हातांवर आले. त्या काळी काच-प्लेटवर फोटो काढताना फोटोग्राफर सगळ्यांना स्थिर बसवायचा, म्हणून वाजवताना कुणी दिसत नाही, धरूनच बसलेले असतात. पण धरण्यातही फरक असतो. ढोलकवाल्याचा उजवा पंजा पुडीवर सैल पडला होता, डाव्या हाताची बोटं फाकलेली, अंगठा दोरीत अडकवलेला. हा हात रोज तिथेच जात असणार. पुडीवर मधोमध काळपट झिजही दिसत होती. मंजिरीवाल्या पोराचे हात धूसर आले होते. त्याला काही राहवलं नाही. असा धूसर हात म्हणजे फोटो बिघडला असं समजू नका, माझ्या हिशेबी तो सगळ्यात खरा असतो.

आणि पणजोबा? खुर्चीत बसलेले, अंगात कोट, घड्याळाची साखळी. तंबूरा मांडीवर उभा आणि त्याची मान डाव्या मुठीत गच्च, चारही बोटं तारांवरून गुंडाळलेली. छत्री धरतात तसा. उजवा हात गुडघ्यावर. तार छेडायला एक बोटही मोकळं नाही.

प्लेट उलटी छापली गेली की डावं-उजवं बदलतं, तेव्हा आधी ती शंका काढून टाका. फोटोत पाटी किंवा अक्षर असेल तर प्रश्नच मिटतो. नसेल तर पुरुषाच्या कोटाची बटणं बघा: डावी बाजू वर असते. बाई असेल तर पदर बघा. आपल्या नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर, मालवणी-गुजराती पद्धतीचा उजव्या खांद्यावरून पुढे. इथे मालवणी म्हणजे मालव्यातल्या, कोकणातल्या नव्हेत! पणजोबांचा कोट बरोबर होता, फोटो सुलटा होता.

मग माउंटखालून निघालेला तो कडेचा माणूस. अनवाणी, डोक्याला साधं मुंडासं, उजवा हात नुसता लोंबता. डाव्या हातात करताल. नुसती करताल, तंबूरा नाही. आणि ज्याच्या मांडीवर तंबूरा त्याच्याकडे करताल नाही.

एका खुणेवर निकाल देऊ नका. कुणी चांगला वाजवणाराही फोटोग्राफरने सांगितलं म्हणून वाद्य वेडंवाकडं धरेल. पण इथे मूठ होती, करताल होती, आणि पायही होते: नऊ जणांत पायात जोडा फक्त पणजोबांच्या. खुर्चीही एकच. मी हे काकांना एकदम बोलले नाही. देपालपूरकडचे एक म्हातारे भजनी देवांच्या तसबिरींना फ्रेमा करायला येतात, त्यांना स्कॅन दाखवला. कुठला, कुणाचा, काही सांगितलं नाही. असंच करावं, आधी आपण सांगितलं की समोरचा मान डोलावतो. त्यांनी खुर्चीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ये तो पकड़ के बैठे हैं, बजाने वाला तो ये कोने में खड़ा है.”

आणखी एक गोष्ट राहिली, डागांची. सगळ्यांच्या पांढऱ्या बंड्यांवर काळे-करडे डाग होते. काकांच्या मुलाने घरी फोनमधल्या कुठल्याशा अ‍ॅपमधून फोटो ‘साफ’ करून आणला होता. बुरशी म्हणून अ‍ॅपने ते डाग पुसले होते, तंबूऱ्याला एक खुंटी जास्त लावली होती, ढोलकवाल्याला नवे दात दिले होते आणि फेटे काळे रंगवले होते. मी मूळ प्रत भिंगाखाली धरली. बुरशी माणूस-भिंत बघत नाही, ती कडा ओलांडून पसरते. हे डाग कपड्यांवरच होते, मागच्या भिंतीवर एकही नाही. तो रंग होता, गुलाल किंवा टेसूचं, म्हणजे पळसफुलांचं, पाणी. रंगपंचमीच होती ना!

जुन्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल काळा यायचा, पिवळा-केशरीही गडद, आणि निळा पांढुरका पडायचा. त्यामुळे जुन्या फोटोत काळाकुट्ट फेटा दिसला तर आधी लाल म्हणा. भंडारा लावलेलं कपाळ मळकट दिसतं, कुंकू काजळाच्या टिळ्यासारखं. घरी पडताळायचं असेल तर लाल फडक्याचा आणि निळ्या फडक्याचा शेजारी शेजारी फोटो काढा, आणि तो फोनमध्ये आधी निळा फिल्टर लावून मग कृष्णधवल करा. १९३०च्या पुढे हळूहळू सगळे रंग ओळखणाऱ्या फिल्मा आल्या, तोवर हा हिशेब चालतो. अ‍ॅपवाल्यांना तो माहीत नसतो, म्हणून रंगवलेल्या प्रतीवरून कुणाचा पोशाख, पंथ काही ठरवू नका. जात तर चेहऱ्यावरून नकोच.

घरातल्या वृद्धांना विचारायचं तेही फोटो समजून घेतल्यावर. ‘हे कोण?’ असं विचारू नका. काकांच्या आत्या अठ्ठ्याऐंशीच्या, त्यांना सगळे वर्षानुवर्षं हेच विचारत आले होते आणि त्या “काय माहीत बाई” म्हणत. मी काकांना म्हटलं, विचारा की होळीनंतर गावच्या वाड्यावर कोण यायचं, काय खायला द्यायचे. आत्या लगेच बोलायला लागल्या. सांवेरकडच्या गावात घरची जमीन होती. त्यांच्या लहानपणीही पंचमीला भजनवाले यायचे, ओट्यावर बसायचे, आजी हंडाभर ताक करायला लावायची. आणि आजोबा? “ते कसले गातात! पण हौस फार. तंबूरा दिसला की मागून घ्यायचे.”

काका दोन दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. आले तेव्हा जरा घुश्शातच होते. “म्हणजे आमचे पणजोबा गवई नव्हते.” मी म्हटलं, “काका, गवयांना घरी बोलवून, शहरातून फोटोवाला आणून, सगळ्यांना एका चौकटीत बसवणारे होते. हा फोटो त्यांच्यामुळेच आहे.” ते काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून बसले.

मागे काय लिहायचं, यावर आमचा अर्धा तास गेला. लिहिताना मऊ पेन्सिल घ्या, बॉलपेन नको, त्याची शाई पुढे उमटते. जुनी ओळ तशीच ठेवा, नवं तिच्या खाली. ठाऊक असलेलं आणि अंदाजाचं वेगळं लिहा, आणि कोण सांगतंय तेही. आम्ही लिहिलं: ‘रंगपंचमी, मार्च १९२८ (मूळ नोंदीवरून). मालवी भजनमंडळी (वाद्यांवरून). खुर्चीत पणजोबा, यजमान (आत्याच्या सांगण्यावरून). तंबूरा बहुधा डावीकडच्या पहिल्या माणसाचा, नाव माहीत नाही.’ ‘बहुधा’ मी घातला. काकांना तो नको होता. आता त्यांची खात्री माझ्याहून पक्की झाली होती.

काच बदलून झाली, जुनं माउंट मी परत बसवायला घेतलं. काका म्हणाले, “ते नको. खिडकी डावीकडून मोठी कापा, तो पूर्ण दिसू दे.” पाऊण इंच वाढवावं लागलं. जुन्या फ्रेमच्या मापात ते बसेना, म्हणून पट्टीही नवी घेतली.